सुपारी बाईंची होती

तबकातली ती सुपारी माझी नव्हती, आणि मला ते हात पुढे करतानाही ठाऊक होतं. हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, चुलत्याजवळ नाही, आणि त्या सुपारीवर ज्यांचा हक्क होता त्या बाईंजवळ तर नाहीच.

ज्यांच्या घरात बाजा नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून आधी पद्धत सांगतो. आमच्या भागात लग्नाचा बँड ठरवायला माणूस येतो तो विड्याच्या पानावर सुपारी आणि एखादं नाणं ठेवून बँडवाल्याच्या हातात देतो. कागद होत नाही, सही होत नाही. सुपारी ज्याच्या हातात पडली तो बँडचा मालक. वाजवणारे कितीही असोत, लग्नघर त्या एकालाच ओळखतं. कुणी पिऊन आला, ढोलाचं कातडं फाटलं, तर जाब त्याला. बाजा रंगला तर नाव त्याचं. आणि एकदा घेतलेली सुपारी मागून दुसऱ्याच्या हातात सरकवता येत नाही. तसं केलं तर काम मोडलं, असंच धरतात.

आमचं घर कुरुळीचं. चुलता चाकणला बँड चालवायचा आणि मी मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच्यात क्लॅरोनेट वाजवायचो. पुढे खडकीला लष्करी बँडातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडे मी नोटेशन शिकलो. तोवर पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले होते. पन्नास सालानंतरची ती पहिली वर्षं. मला एका नव्या कारखान्यात पॅकिंगला लावून घेतलं. चुलता म्हणाला, बरं झालं, बाजा पोटाला पुरत न्हाई. मी शिफ्ट करायचो आणि लग्नसराईत सुट्टीच्या दिवशी वाजवायचो. तेवढ्यात हवालदारांनी निरोप दिला की मिशनच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंना वाचून वाजवणारा क्लॅरोनेटवाला हवाय.

रविवारी दुपारी सायकल मारत गेलो. शाळेच्या हॉलमध्ये पियानोपाशी बाई बसल्या होत्या. गोव्याकडच्या ख्रिस्ती, वयानं माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या, साधा फ्रॉक, केस मानेवर कापलेले, पायात टणक टाचेचे काळे बूट. त्यांच्याबरोबर दोघं होते. एक रेल्वेत काम करणारे, अर्धे केस पिकलेले ट्रंपेटवाले, तेही गोव्याचेच. दुसरा ड्रमवाला, पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पातला सिंधी पोरगा, दिवसा खांद्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन दारोदार विकायचा. बाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला. मी तो वरातीत वाजवतात तसा वाजवला, म्हणजे दोन आळ्या पलीकडे ऐकू जाईल असा. बाईंनी पियानोवरचे हात उचलले.

"कुणाला बोलावतोस रे?" त्या म्हणाल्या. "सगळी इथंच आहेत."

ट्रंपेटवाले इतके हसले की त्यांना खोकला आला. मीही हसलो आणि पुढच्या वेळी हळू वाजवलं. त्या दिवसापासून मी त्या बँडमध्ये राहिलो.

जॅझ हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. हवालदारांकडे लिहिलेलं वाजवायचं, चुलत्याकडे पाठ असलेलं. बाईंकडे थोडं लिहिलेलं असायचं आणि मधे कागद कोरा. त्या कोऱ्या जागेत आपण आपलं काहीतरी म्हणायचं आणि ठरल्या मात्रेला परत यायचं. मला आधी त्या जागेची भीती वाटायची. बाई म्हणायच्या, फिरायला जा, गाव बघून ये, पण जेवायच्या वेळेला घरी ये. हे मला कळलं. त्या प्रत्येकासाठी वेगळा कागद पेन्सिलीनं लिहायच्या, आणि ड्रमवाल्याला वाचता येत नसल्यानं त्याचं सगळं पियानोच्या झाकणावर बोटांनी वाजवून दाखवायच्या. बँड सुरू करायची त्यांची रीत अशी की बसल्या बसल्या बुटाची टाच आपटायची आणि हनुवटी वर करायची. थांबायचं असेल तर हनुवटी खाली. आम्हा तिघांचं लक्ष त्या हनुवटीवर. ऐकणाऱ्यांना मात्र ते दिसायचं नाही, कारण पियानो बाजूला आणि पुढे उभा मी. हे पुढे माझ्या कामी आलं, म्हणून सांगून ठेवतो.

एकदा तालमीनंतर बोलता बोलता मी वरातीची एक अडचण सांगितली. वरात अरुंद आळीत वळते तेव्हा पुढचे वाजवणारे कोपऱ्यापलीकडे जातात आणि मागचे ढोलवाले अलीकडेच असतात. एकमेकांना दिसत नाहीत. भिंतीमुळे आवाज उशिरा पोचतो. मग पुढचा बाजा आणि मागचा बाजा अर्ध्या मात्रेनं सुटतो. सगळी वळली की पुन्हा जुळतो. चुलता त्यावर पोरांना शिव्या द्यायचा. बाईंनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग क्लॅरोनेटवर वाजवायला लावलं, ट्रंपेटवाल्यांना हॉलच्या बाहेर व्हरांड्यात उभं करून. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, ही चूक नाही, ही चाल आहे.

पुढचे दोन-तीन रविवार त्या काही बोलल्या नाहीत. मग एका दुपारी कागद वाटले. त्या चालीत मी पुढे जायचो, ट्रंपेट अर्ध्या मात्रेनं मागून यायचं, कोपऱ्याआड असल्यासारखं. पियानो दोघांच्या मधे भिंतीसारखा. मग हळूहळू, कुणी कुणाला ओढतंय असं न वाटता, सगळी एका जागी येऊन मिळायची. ते मिळणं बाईंनी लांबवलं होतं. वाटायचं आता जुळली, पण अजून थोडं अंतर राहिलेलं असायचं. पहिल्यांदा नीट वाजली तेव्हा सिंधी पोरगा काड्या खाली ठेवून म्हणाला, बाई, आमच्या घरचे असेच आले, एक-एक करून. चालीला नाव नव्हतं. आम्ही तिला कोपरा म्हणायचो.

बाईंना काय हवं होतं ते त्यांनी कधी लपवलं नाही. आधी त्या मुंबईला एका हॉटेलच्या बँडमध्ये पियानो वाजवत होत्या. तिथे त्यांनी चाली बांधल्या, दुसऱ्यांसाठी कागद लिहिले. हॉटेलच्या दाराशी एक फळी असायची आणि तिच्यावर बँडच्या म्होरक्याचं नाव रंगवलेलं. बाईमाणसाचं नाव आलंच तर गाणारणीचं, खाली बारीक अक्षरात. त्यांच्या चालींवर नाव म्होरक्याचं लागलं. त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की बँड ज्याचा, चाल त्याची. त्यावर त्या खडकीला आल्या, शाळेत लागल्या आणि स्वतःचा बँड जमवायला घेतला.

"मला एक सीझन पाहिजे," त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. "दाराशी फळी, वर माझं नाव, खाली माझा बँड. मग मी म्हातारी व्हायला मोकळी."

हे मी माझ्या कानानं ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

कारखान्याच्या क्लबचं काम मीच आणलं. साहेब लोकांसाठी क्लब निघाला होता, परदेशी इंजिनियरही होते, शनिवारी संध्याकाळी नाच व्हायचा आणि त्याला बाजा हवा होता. क्लबचे सेक्रेटरी हिशेब खात्यातले पुण्याचे गृहस्थ. सज्जन माणूस. मी पॅकिंगमधून त्यांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं की आमचा बँड आहे. त्यांनी येऊन ऐकलं, त्यांना पसंत पडलं, आणि पुढच्या रविवारी ते शाळेत आले ते हातात पितळी तबक घेऊन. म्हणाले, सीझनभराचं काम आहे, तर आपल्या पद्धतीनं करू. तबकात पान, त्यावर सुपारी, बाजूला कुंकू.

इथे आदल्या आठवड्याची गोष्ट सांगायला हवी. मी कुरुळीला गेलो होतो आणि ओट्यावर चुलत्याच्या बँडमधली मंडळी बसली होती. मी क्लबच्या कामाबद्दल बढाईनं सांगत होतो. चुलत्यानं विचारलं की सुपारी कोण घेणार. मी म्हणालो, बाई घेतील, बँड त्यांचा आहे.

"आन् तू?" चुलता म्हणाला. "तू मागं उभा ऱ्हाऊन झिलकरी व्हनार व्हय?"

ढोलवाला म्हणाला, मग घुंगरं आणून ठेवा राव, फडाच्या मालकिणीकडं नोकरी लागली आपल्या मास्तराला. सगळे हसले. मीही हसलो. हसावंच लागतं.

आता तबक पुढे आलं. सेक्रेटरींनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांना नक्की कुणापुढे धरावं ते कळेना. बाईंना या पद्धतीचा गंधही नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की कुणीतरी त्यांच्या बँडसाठी काहीतरी आणलंय, म्हणून त्या उठल्या आणि सहज हात पुढे केला, जसा घरचा माणूस करतो. त्यांची बोटं तबकाच्या काठाला लागली होती. मी त्यांच्या हातावरून हात घातला आणि पान-सुपारी उचलली. सेक्रेटरींचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी मला कुंकू लावलं.

बाईंनी हात मागे घेतला आणि विचारलं, काय रे हे?

"काही नाही, बाई," मी म्हणालो. "खायची सुपारी. तुम्हाला नाही आवडायची. कडक असते."

त्या हसून पियानोकडे वळल्या.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते मी त्यांच्यासाठी केलं. बाईनं सुपारी घेतली तर लोक तमाशाच्या फडाशी जोडतील, नावं ठेवतील, त्यांना झळ नको. पण हे खरं नाही. चाकणच्या जत्रेत मी स्वतः पाहिलं होतं की फडाची मालकीण चारचौघांत पुढे येऊन पाटलाच्या हातून सुपारी घेते, कपाळाला लावते आणि तिच्यामागे सगळे पुरुष गडी हात बांधून उभे असतात. त्यात तिला काही खाली पाहायला लागत नव्हतं. खाली पाहायला मला लागलं असतं, कुरुळीच्या ओट्यावर. एवढंच होतं ते.

सुपारी तिथेच संपली असती तर मी हे लिहिलं नसतं. पण घेतलेली सुपारी आपलं काम आपणच करत राहते. क्लबमध्ये मला सगळे मास्तर म्हणायला लागले. पहारेकरी मला सलाम करायचा आणि बाईंसाठी दार धरायचा, म्हणजे पाहुणीसारखं. कार्यक्रमाच्या शेवटी सेक्रेटरी माइकवर सांगायचे की मास्तर आणि त्यांच्या वाद्यवृंदानं आज आपलं मनोरंजन केलं. बाईंनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भुवया उंचावल्या. मी म्हणालो की आमच्याकडे क्लॅरोनेटवाल्याला मास्तरच म्हणतात. त्या म्हणाल्या, बरं, तुला बढती मिळाली, पेढे आण. आणि मी आणलेही. त्यांनी हॉलमध्ये सगळ्यांना वाटले.

त्यांना संशय आला नसेल असं नाही. पण काम चाललं होतं, त्यांच्या चाली लोक ऐकत होते, साहेबांच्या बायका येऊन विचारायच्या की हे कोणाचं आहे आणि बाई सांगायच्या, माझं. त्यांना तेवढं पुरत असावं. निदान मुंबईहून माणूस येईपर्यंत.

ट्रंपेटवाल्यांचा मावसभाऊ मुंबईला एका मोठ्या हॉटेलात होता. त्याच्या तोंडून तिथल्या व्यवस्थापकाच्या कानावर गेलं की पुण्याकडे एक बाई आहे, स्वतः चाली बांधते आणि पुरुषांचा बँड चालवते. त्या हॉटेलला सीझनसाठी काहीतरी नवं हवं होतं. क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोनवाले म्होरके मुंबईत पैशाला पासरी. बाईचा बँड कुणाकडे नव्हता. व्यवस्थापकाचा निरोप आला की पुण्याला काम आहे तर येऊन ऐकून जातो.

हिवाळ्याचे दिवस होते. कारखान्याच्या हिरवळीवर दुपारच्या चहाचा समारंभ होता आणि तो व्यवस्थापक त्यालाच येणार होता. शाळेतला पियानो हलवणं शक्य नव्हतं म्हणून क्लबचाच बाहेर आणून ठेवला. बाईंनी नवा निळा फ्रॉक शिवला होता. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं असं ट्रंपेटवाले म्हणाले. आम्ही दोन-चार नाचाच्या चाली वाजवल्या आणि मग बाईंनी टाच आपटली आणि कोपरा सुरू केला. इतका चांगला तो आधी कधी वाजला नव्हता. ट्रंपेट माझ्या मागून येत होतं आणि मला खरंच वाटलं की मागे भिंत आहे. हिरवळीच्या कडेला माझे पॅकिंगमधले सोबती ट्रे घेऊन उभे होते, त्यांत एक आमच्या कुरुळीचाच. सगळी एका जागी येऊन मिळाली तेव्हा बाईंची हनुवटी खाली आली.

चहाची सुट्टी झाली. बाईंभोवती साहेबांच्या बायका जमल्या. मुंबईचा पाहुणा सेक्रेटरींकडे गेला आणि त्यानं विचारलं असणार की म्होरक्या कोण. सेक्रेटरी त्याला घेऊन सरळ माझ्याकडे आले.

"हे आमचे मास्तर. सुपारी यांचीच आहे."

पाहुण्यानं हात मिळवला. चांगला माणूस दिसला, घाईत नव्हता. थोडं माझ्याकडे, थोडं पियानोकडे पाहत म्हणाला, "मी ऐकलं होतं बँड एका बाईचा आहे."

कुरुळीचा तो सोबती ट्रे घेऊन जवळच थांबला होता. सेक्रेटरी समोर होते. मी जर म्हणालो असतो की हो, बँड बाईंचा, मी त्यांच्याकडे वाजवतो, तर सेक्रेटरींनी लगेच विचारलं असतं, मग सुपारी तुम्ही कशी घेतली? तिथे ऐट मिरवण्याचा प्रश्नच उरला नव्हता. मला पकडले जाण्याची भीती होती.

"बाई पियानोवर असतात," मी म्हणालो.

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज निघालं. त्यानं विचारलं की शेवटची ती चाल कुणाची. मी म्हणालो, आमच्या गावाकडची आहे. हेही साफ खोटं म्हणता येणार नाही. पाहुण्यानं मान डोलवली, मी चांगलं वाजवतो असं म्हणाला, चहा संपवला आणि कप कुरुळीच्या माणसाच्या ट्रेमध्ये ठेवला. तो चारच्या सुमाराच्या गाडीनं जाणार होता. बाई बायकांमधून सुटून येईपर्यंत सेक्रेटरी त्याला फाटकाकडे घेऊन गेले होते.

बाई माझ्यापाशी आल्या. गाल लाल झाले होते. काय म्हणाला, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, चहा चांगला होता म्हणाला.

त्या मोठ्यानं हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय आणि चांगली बातमी लांबवतोय. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. म्हणाल्या, असू दे, असली माणसं घरी जाऊन विचार करतात.

त्या वाट पाहत राहिल्या. ट्रंपेटवाले दर रविवारी विचारायचे, टपाल आलं का. बाई मानेनंच नाही म्हणायच्या आणि कागद वाटायच्या. पुढे ट्रंपेटवाल्यांनी विचारणं सोडलं. मावसभावाकडून एवढंच कळलं की हॉटेलनं दुसरा कुठलासा बँड घेतला, व्यवस्थापक म्हणतो बाईचा बँड ही नुसती आवई होती. ट्रंपेटवाल्यांनी ते बाईंना सांगितलं नाही. मला मात्र सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे पाहत होते की दुसरीकडे, हे मला आठवत नाही, कारण मी खाली पाहत होतो.

आणि आता मला जे सगळ्यात जड जातं ते. एका रविवारी मी लवकर पोचलो. बाई एकट्याच पियानोपाशी होत्या. कोपऱ्याचे कागद समोर, हातात पेन्सिल.

"मी विचार करते रे," त्या म्हणाल्या. "माझंच काहीतरी कमी पडलं. शेवट लांबला का? खरं सांग. तू पुढे उभा असतोस, तुला लोक दिसतात."

बोलायची वेळ ती होती. हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं, सेक्रेटरी नव्हते, कुरुळी नव्हती. मी म्हणालो, "थोडा लांबला, बाई."

त्यांनी मान हलवली आणि आमच्या तिघांच्या कागदांवर रेघ मारली. सगळी जुळत येतात तो लांबवलेला भाग, अजून थोडं अंतर राहिलंय असं वाटायला लावणारा, तो काढून टाकला. त्यानंतर आम्ही कोपरा तसाच वाजवला. वळलो की लगेच जुळायचो. चाल नीटनेटकी झाली आणि तिच्यातलं काहीतरी गेलं. सिंधी पोरानं एकदा विचारलं की ते घरचे येतात ते कुठे गेलं. बाई म्हणाल्या, लोकांना थांबायला वेळ नसतो.

बँड पुढे आणखी दोनेक वर्षं चालला. मग ट्रंपेटवाल्यांची बदली झाली, ड्रमवाल्यानं कॅम्पात गाळा घेऊन कापडाचं दुकान टाकलं, क्लबनं नाचासाठी रेकॉर्ड लावायला सुरुवात केली. शेवटच्या शनिवारी सेक्रेटरींनी मला शाल आणि नारळ दिला. बाई टाळ्या वाजवत होत्या. मी ती शाल घरी नेली, आजही आहे. पांघरली कधी नाही.

मी मुंबईला गेलो नाही. जायचं माझ्या मनातही नव्हतं. घेतलेल्याचा मला काहीही उपयोग नव्हता, फक्त दुसऱ्याच्या हातात ते जाऊ दिलं नाही. मी कारखान्यात चढत गेलो, सुपरवायझर झालो, क्लॅरोनेट पेटीत गेलं.

चाल मात्र राहिली. अगदी सुरुवातीला, बाईंनी नवीन बांधली होती तेव्हा, मी ती कौतुकानं चुलत्याच्या पोरांना शिकवली होती. पुरती, लांब शेवटासकट. ती त्यांनी उचलली. चुलता गेला, बँड चुलतभावाकडे आला. या उन्हाळ्यात कुरुळीच्या एका लग्नाला गेलो होतो. वरात आळीत वळली आणि पुढून कोपरा सुरू झाला. मागून अर्ध्या मात्रेनं ढोल-ट्रंपेट आलं, आणि ते लांबवलेलं जुळणं, जे बाईंनी माझ्या सांगण्यावरून खोडलं, ते जसंच्या तसं आळीत वाजलं. चुलतभाऊ माझ्या खांद्यावर हात टाकून शेजारच्या पाहुण्यांना म्हणाला, "ही आमच्या मास्तरची चाल हाय. खुद्द बांधलेली."

पाहुण्यांनी हात जोडले. मीही जोडले. मग मात्र मांडवात जेवायला न थांबता घरी आलो आणि लिहायला बसलो.

बाई आहेत. खडकीलाच असतात, त्याच शाळेजवळ, मुलांना पियानो शिकवतात. मधे एकदा बाजारात भेटल्या होत्या. केस पांढरे झालेत, हनुवटी तशीच. लांबून हाक मारली, काय मास्टर. त्यात टोमणा नव्हता. त्यांच्या तोंडी ते माझं नावच झालंय. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, बायकोची तब्येत सांगितली, त्यांनी गुडघ्याचं दुखणं सांगितलं. बसची वेळ झाली असं म्हणून मी निघालो. बस यायला अजून बराच वेळ होता.

त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तेव्हा हे छापून आलं तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, आणि लिहून टाकलं म्हणजे सुटलो असंही मला म्हणता येणार नाही. सुपारी त्यांची होती, बँड त्यांचा होता, आणि चालीचा शेवट लांबला नव्हता. खडकीला त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून, हे माझ्या तोंडानं सांगणं बाकी आहे. अजून मी गेलेलो नाही.